एक जेवतो, एक गाडीत

पायलटला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या ओळखीला चोवीस वर्षं झाली होती. त्यातली बावीस आम्ही एकाच बसवर काढली. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. सगळा डेपो त्याला पायलट म्हणायचा आणि मला मास्तर. त्याच्या मानेवरची आडवी सुरकुती, उजव्या कानामागचा तीळ, शर्टाची कॉलर आधी कुठल्या बाजूनं विरते, हे मला पाठ आहे. पण हा माणूस घास केवढा घेतो, जेवताना बोलतो की गप्प असतो, हे मला ठाऊक नव्हतं. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिला खरंच वाटेना. ती म्हणाली, मग तुम्ही दोघं दिवसभर करत काय होता?

त्याला कारण झालं एक हँडब्रेक. आमच्या जोडीचा तो पहिलाच दिवस. जेवणाच्या थांब्यावर आम्ही दोघंही उतरलो होतो आणि अर्धे उतारू आत झोपले होते. कुणाचं तरी पोर ड्रायव्हरच्या सीटवर चढलं आणि त्यानं हँडब्रेक सोडला. गाडी उतारावरून वीस-पंचवीस हात गेली आणि वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पायलटनं तो ढीग पाहिला, ढिगापलीकडची उघडी विहीर पाहिली, आणि हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. त्या दिवसापासून आमचा नियम झाला. एक जेवतो, एक गाडीत. आधी तो, मग मी. त्याला सात मिनिटं लागायची, मला बारा. रुमालाला हात पुसत तो यायचा, 'जा' म्हणायचा, की मी उतरायचो. बावीस वर्षांत या नियमात बदल झाला नाही. गाडी रिकामी असली तरी नाही.

वहिनी गेल्या, म्हणजे पायलटची बायको, त्याला आता सव्वा वर्ष होऊन गेलं. शेवटचे दहा महिने त्या खात्याच्या दवाखान्यात पडून होत्या. त्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात पायलट रिटायर झाला. मीही मागोमाग सहा महिन्यांनी घरी बसलो. गुडघे तसेही संपलेच होते. चालत्या गाडीत उभं राहून माणसाचे गुडघे खलबत्त्यात कुटल्यासारखे होतात, आणि खात्याला ते कळत नाही. असो.

यंदाच्या सुरुवातीला एका दुपारी पायलटची सून माझ्याकडे आली. कडेवर दीड वर्षाची मुलगी. पाणी प्यायली आणि सरळ विषयावर आली. म्हणाली, बाबा आमच्यात बसून जेवत नाहीत. ताट घेऊन खोलीत जातात आणि आतून दार लावतात. ताट बाहेर येतं तेव्हा निम्मं तसंच असतं. पातळ काही वाढलं की नको म्हणतात. चहा अर्धा कप, तोही आमच्याकडे पाठ करून. वर्षात अकरा किलो उतरलेत. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात. ही पोरगी त्यांच्या दारावर थापा मारत बसते, पण ते दार उघडत नाहीत.

"आई गेल्यापासून हे असं झालंय," ती म्हणाली. "काका, तुमच्यासमोर ते जेवतील. एकदा त्यांना चार माणसांत बसवून पोटभर जेवू घाला. एकदा बसले की पुढे आमच्यात बसतील."

तुमच्यासमोर जेवतील, असं ती इतक्या खात्रीनं म्हणाली की मी त्याला कधी जेवताना पाहिलंच नाही, हे मला कबूल करवेना. मी बघतो म्हणालो. पायलट असा दाराआड वाळत चाललाय आणि आपण त्याला आठवड्यातून एकदा 'काय, बरं आहे ना' एवढंच विचारतो, याची मला लाज वाटली.

आमच्या रस्त्यावर तळ्याच्या काठी एक मोठं हॉटेल होतं. रोज पाऊण वाजता आमची गाडी त्याच्या फाटकासमोरच्या वळणावरून जायची. पायलट गिअर खाली आणायचा, गाडीचा वेग मंदावायचा आणि डावीकडचे सगळे उतारू काचेला नाक लावायचे. आत पांढरी टेबलं दिसायची, पांढऱ्या कपड्यातले वेटर दिसायचे, आणि जेवणारी माणसं इतकी सावकाश जेवायची की आम्हाला वाटायचं ती कालपासूनच बसली असावीत. आम्ही तिघं म्हणायचो, एक दिवस तिथं जेवू. तिघं म्हणजे मी, पायलट आणि डेपोतला मिस्त्री. मिस्त्री सगळ्यांत शेवटी रिटायर होणार होता, म्हणून तो झाला की जायचं, असं ठरलं होतं. अशी शंभर गोष्टींची ठरवाठरवी डेपोत रोज होते. पण यंदा मिस्त्री रिटायर झाला आणि मी ही गोष्ट धरून बसलो.

फोन मिस्त्रीनं केला. त्याचा डावा कान इंजिनांनी खाल्लाय, म्हणून तो सगळं ओरडून बोलतो. त्यानं खिडकीजवळच्या तीन सीट मागितल्या. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की जेवण आठ पदार्थांचं असतं, एकामागून एक येतं आणि जवळजवळ तीन तास चालतं. मिस्त्रीनं विचारलं, "मध्ये कुठं थांबतं का?" त्या बाई हसल्या नाहीत म्हणे. नाही, सलग असतं, म्हणाल्या.

पायलट आधी नाही म्हणाला. पोट ठीक नसतं, प्रवास झेपत नाही, तुम्ही जाऊन या. मी त्याच्याशी भांडलो. बावीस वर्षांत मी कधी काही मागितलं नाही, एवढं मागतोय, असं म्हणालो. हे खोटं होतं, मी बरंच काही मागितलेलं आहे. पण तो थकल्यासारखा हो म्हणाला.

मिस्त्रीची गाडी त्यानं स्वतः तीन गाड्यांची मोडतोड जमवून बांधली आहे. तिला हाक मारल्याशिवाय ती चढ चढत नाही. मला वाटलं होतं पायलट चालवेल. त्यानं चावी हातात घेतली नाही. चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणाला, आणि मागे जाऊन बसला. सात तास तो मागे बसून होता आणि दर वळणाला त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत होता. मी त्याला म्हातारा झालास म्हणून चिडवलं. मुक्कामाच्या खोलीत मी आणि मिस्त्रीनं मागवून खाल्लं, पायलटनं दोन केळी घेतली आणि तो बाल्कनीत गेला. मिस्त्री मला खुणेनं म्हणाला, हा उद्या काय आठ पदार्थ जेवणार?

दुसऱ्या दिवशी एकला आम्ही त्या फाटकातून आत शिरलो. बाहेरून इतकी वर्षं पाहिलेली जागा आतून वेगळीच निघाली. छत उंच, बोलणी हळू, आणि खुर्च्या इतक्या जड की मिस्त्रीची खुर्ची मागे ओढायला वेटर आला तर मिस्त्रीला वाटलं ती जागा दुसऱ्या कुणाची आहे. टेबलावर प्रत्येकापुढे चमचे आणि काटे ओळीनं मांडलेले, बाहेरचे मोठे आणि आतले बारीक. ग्लास तर असे पातळ की हातात घ्यायची भीती वाटावी. मुख्य वेटर आमच्याच वयाचा होता. पांढरे हातमोजे, ताठ पाठ, आणि पायात दुखतंय हे फक्त उभं राहून नोकरी केलेल्या माणसाला कळावं असं त्याचं चालणं. मला तो लगेच आवडला.

त्यानं त्यांची पद्धत समजावली. टेबलावरच्या सगळ्यांच्या प्लेटा एकदम येतात आणि झाकणं एकदम उघडतात. कुणी उठलं तर स्वयंपाकघर थांबतं. आधी एकेक घासाचं काहीतरी आलं, हातानं तोंडात टाकायचं. पायलटनं ते टाकलं. मला बरं वाटलं. मग पसरट वाडगे आले, आणि एक वेटर लांब चोचीच्या भांड्यातून त्यात सूप ओतणार, एवढ्यात पायलट उठला.

"गाडी बघून येतो," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

मी बरं म्हणालो. ज्या माणसाला चार माणसांत बसवून जेवू घालायला मी त्याला सात तास ओढून आणला होता, तो ताटावरून उठला आणि मी बरं म्हणालो. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. एक गाडीत गेला, म्हणजे दुसऱ्यानं जेवायचं, एवढंच माझ्या अंगाला माहीत.

वाडगे परत गेले. साहेब आले की आणतो, असं मुख्य वेटर म्हणाला. दहा मिनिटं गेली. मिस्त्रीचं पोट बोलायला लागलं. शेवटी मी मुख्य वेटरला बोलावून सांगितलं की आमच्यात एक जण आधी जेवतो आणि एक गाडीत बसतो, तेव्हा तुम्ही आम्हा दोघांचं आणा, तो नंतर जेवेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गाडीत कोण आहे, साहेब?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग मान हलवून आत गेला. आणि पदार्थ आले. सूप आलं, ते शेवटच्या चमच्यापर्यंत गरम राहिलं, कारण त्यांनी वाडगा आधीच तापवून घेतला होता. मग एकच भलंमोठं मशरूम आलं, त्याच्याबरोबर तीन तऱ्हेचे पाव. मग माशाचा तुकडा, वर कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा. मिस्त्री प्रत्येक प्लेट उलटून खालचा शिक्का वाचत होता. मीही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू. पण माशाचा शेवटचा घास घेताना मी घड्याळ पाहिलं आणि दचकलो. मला पन्नास मिनिटं झाली होती. माझी वेळ बारा. मी तोंड पुसलं आणि उठलो. मिस्त्री म्हणाला, आता तू कुठं? मी म्हणालो, त्याला पाठवतो. मिस्त्री म्हणाला, मला काय दोन पंगतींना बसवलंय का? मी तोवर दारात पोचलो होतो.

गाडी खिडकीसमोरच, झाडाच्या सावलीत उभी होती. पायलट ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर. मी म्हणालो, जा. तू पुरतं जेव ना, तो म्हणाला. मी म्हणालो, जा, मिस्त्री एकटा आहे, आणि त्याला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. तो गेला. मी त्याच्या जागी बसलो, गुडघे चोळले, दोन मिनिटं बरं वाटलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसलोय. जगातल्या शहाण्यांनी माझ्याकडे शिकवणीला यावं. मी एकटाच हसलो. मग हसू आपोआप थांबलं, आणि मी मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

टेबल दहा पावलांवर होतं. पायलटपुढे सूपचा वाडगा होता. त्यानं आधी दाराकडे पाहिलं. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि चमचा उचलला. चमचा वाडग्यातून वर आला आणि हलायला लागला. आधी थोडा, मग जसजसा तोंडाजवळ येईल तसतसा जास्त. तोंडाशी पोचला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. सगळं टेबलक्लॉथवर आणि त्याच्या शर्टावर होतं. त्यानं चमचा ठेवला, हात मांडीवर पुसला, पुन्हा उचलला. दुसऱ्या वेळी त्यानं मानच खाली घातली, हनुवटी वाडग्याला टेकेपर्यंत. मिस्त्री समोर बसून खिडकीबाहेर बघत होता, कारण त्याला दुसरीकडे कुठं बघता येत नव्हतं. त्याची आणि माझी नजरानजर झाली. दोघांनीही खूण केली नाही. मुख्य वेटर आला, त्यानं डागावर एक स्वच्छ नॅपकिन पसरला आणि तो गेला.

मला आधी वाईट वाटलं नाही. मला आधी राग आला. कारण मला सही आठवली. मुक्कामाच्या डेपोत पोचलं की ड्रायव्हरनं नोंदवहीत सही करायची असते. शेवटच्या वर्षी पायलट रोज म्हणायचा, मास्तर, सही मार, चष्मा गाडीत राहिला. आणि मी मारायचो. ज्या मास्तरनं स्वतःच्या मेव्हण्याला विनातिकीट पकडून सगळ्या गाडीदेखत दंड केला, तो मास्तर रोज मित्राच्या नावाची सही ठोकत होता आणि त्याला एकदाही प्रश्न पडला नाही.

मी आत गेलो. मला बघताच पायलटनं हात टेबलाखाली नेले.

"गाडी?" तो म्हणाला.

"गाडी रिकामी आहे," मी म्हणालो आणि बसलो. "कधीपासून?"

तो खोटं बोलू शकला असता. महिन्या-दोन महिन्यांपासून म्हणाला असता तरी मी मानलं असतं. पण तो म्हणाला, "तिला दवाखान्यात ठेवलं, त्याच्या आधी दोन महिने."

म्हणजे वर्षाहून जास्त दिवस तो ते हात घेऊन गाडी चालवत होता. त्यानं मला समजावलं, एखाद्या पार्टची खोड सांगावी तसं. जड वस्तू धरली की हात शांत असतो. हलकी धरली की सुरू. स्टेअरिंगवर काही नाही, पेन धरलं की काही सुधरत नाही. कप, चमचा, शर्टाचं बटण, सगळं अवघड. थांब्यावर सात मिनिटांत तो जेवून यायचा तेव्हा शेवटच्या वर्षी तो जेवतच नसे. हॉटेलच्या मागे उभा राहून एक पाव चावायचा आणि परत यायचा. मी विचारलं, स्टेअरिंगवर कधीच नाही?

"दोनदा," तो म्हणाला. "एकदा सरळ रस्त्यावर. एकदा इथं." त्यानं हनुवटीनं फाटकाबाहेरचं वळण दाखवलं.

मिस्त्रीनं पावाचा तुकडा खाली ठेवला. त्याचा चांगला कान आमच्या बाजूला होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली.

"तू डेपोत लिहून दिलं असतंस," पायलट म्हणाला.

नाही, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण तो मला बावीस वर्षं ओळखत होता.

"दिलं असतं," मी म्हणालो.

"मग मला गाडीवरून उतरवून घरी पाठवलं असतं. त्या दवाखान्यातली खाट नोकरीवर असणाऱ्यांच्या माणसांना. तिला मी कुठं नेलं असतं?"

माझा राग तसाच होता. मागे चव्वेचाळीस माणसं बसलेली असायची, मी म्हणालो. मी उभा असायचो. मी घंटी द्यायचो आणि तू निघायचास. त्या चव्वेचाळिसांनी तुझं काय बिघडवलं होतं?

"काही नाही," तो म्हणाला. "रोज निघायच्या आधी आरशात मोजायचो मी त्यांना. पोरं वेगळी मोजायचो."

मला एकाएकी फार थकवा आला. मला त्याला गदागदा हलवायचं होतं आणि त्याच वेळी मला वाटत होतं की हा सव्वा वर्ष दाराआड एकटा उष्टं-सांडलेलं पुसत बसलाय. वहिनी गेल्या आणि त्या गेल्याचं दुःख करायलाही याला मोकळीक मिळाली नाही, कारण ज्यांच्यासाठी हे केलं त्या राहिल्या नाहीत आणि केलेलं मात्र राहिलं.

"सूप निवतंय," मिस्त्री म्हणाला.

मुख्य वेटर दोन पावलांवर उभा होता. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. तो पुढे आला आणि त्यानं पायलटपुढचे सगळे बारीक चमचे, काटे गोळा करून नेले. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठा चमचा होता, वाढायचा, चांगला वजनदार. तो त्यानं पायलटच्या उजव्या हाताशी ठेवला, इथं सगळ्यांना हाच देतात अशा थाटात. पातळ ग्लास जाऊन जाड बुडाचा आला.

"जेव," मी म्हणालो.

"इथं?"

"इथंच. मी बसतो. आता माझ्यापासून काय लपवायचं राहिलंय?"

पायलटनं हात टेबलाखालून वर आणले आणि तो जेवायला लागला. मोठ्या चमच्यानं थरथर गेली नाही, पण घास तोंडापर्यंत पोचू लागला. दहातले सहा-सात. बाकीचे सांडत होते, शर्टावर, कापडावर, एकदा माझ्या बाहीवर. पलीकडची बाई बघत होती. मिस्त्रीनं आपली जड खुर्ची सरकवून तिची नजर अडवली आणि तिच्याकडे पाठ करून बसला. आम्ही राहिलेले पदार्थ तिघांनी मिळून खाल्ले. पायलटचं संपल्याशिवाय पुढचं काही आलं नाही. कसल्याशा भाजलेल्या कंदाचं काहीतरी होतं, मग बर्फासारखं आंबट, मग दोन गोड पदार्थ. चार वाजत आले. सगळी टेबलं रिकामी झाली. स्वयंपाकघर आमच्यासाठी थांबलं होतं, आणि कुणी ते आम्हाला जाणवू दिलं नाही.

मी एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही. पायलट पाव आधी सगळाच्या सगळा मोडून ठेवतो आणि मग खातो. गोड मधेच खातो, शेवटासाठी ठेवत नाही. आवडलं की डोळे मिटतो. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी ते सगळं बघत होतो आणि आतून त्याच्यावर चिडलेलाही होतो. तो राग अजून गेलेला नाही. शेवटचा चमचा ठेवल्यावर पायलट म्हणाला, पोट भरलं. एवढंच.

परतताना मिस्त्रीनं गाडी चालवली. माझ्या डोळ्यांपुढे सगळा रस्ता आरशात मोजलेल्या माणसांनी भरलेला होता. घराजवळ पायलट उतरला तेव्हा मी त्याला म्हणालो, घरी सांग. हातांचं सांग, डॉक्टरला दाखव, आणि त्यांच्यात बसून जेव. बाकीचं तुझं तू बघ. तो म्हणाला, बाकीचं नाही सांगवणार मला.

पाचव्या दिवशी सून आली. पोरगी कडेवर होतीच. या वेळी ती खुर्चीवरही बसेना, इतकी भरून आली होती. बाबांनी सगळ्यांना बसवून हात दाखवले. डॉक्टरकडे गेले. पुरतं बरं होणार नाही, पण गोळ्यांनी कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांपासून ते आमच्यात बसतात. वाढायचा चमचा लागतो त्यांना, आम्ही काही म्हणत नाही. ही त्यांच्या मांडीवर बसते आणि सांडलेलं वेचून खाते. हे सांगताना ती हसली आणि रडलीही. मी म्हणालो, छान झालं. मनापासून म्हणालो.

निघताना ती दारात थांबली. चपला घातल्या, पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पण जाईना.

"काका, एक विचारू? हे हात रिटायर झाल्यावरच असे झाले ना?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं. "सातव्या महिन्यात मी माहेरी गेले ती बाबांच्या गाडीनं. त्यांच्या मागच्याच सीटवर बसले होते. माझी आई म्हणत होती की एवढ्या लांब बसनं येऊ नकोस. मी म्हटलं, माझे सासरे चालवतायत, मला कसली काळजी?"

मला ती दुपार आठवली. खिडकीतल्या एका माणसाला उठवून मीच तिला ती जागा दिली होती. तिकीट मीच फाडलं होतं. पाऊण वाजता त्या वळणावर पायलटनं गिअर खाली आणला तेव्हा ती डावीकडे वाकून तळं बघत होती. आणि जिला ती पोटात घेऊन बसली होती ती आता माझ्या दाराची कडी ओढत होती.

खरं सांगितलं असतं तर ती ओरडली नसती. ती तशी नाही. ती घरी गेली असती, तिनं ताटं मांडली असती, आणि पोरीला आपल्याजवळ ओढून घेतलं असतं. तेवढंच. पायलटला तेवढं पुरलं असतं. त्यानं आपलं ताट उचललं असतं आणि दार लावून घेतलं असतं.

त्या सह्या सोडल्या तर सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी ओळ लिहिली नव्हती.

"हो, नंतरच," मी म्हणालो. "गाडीवर असताना हात अगदी ठीक होते. मी तिथंच तर असायचो. मला दिसलं नसतं का?"

तिचा चेहरा मोकळा झाला. तेच म्हटलं, ती म्हणाली. पोरीचा हात कडीवरून सोडवत ती म्हणाली की आता रोज सगळे एकत्रच जेवतो, बाबा तुमची वाट बघतात, एकदा जेवायला या. मी येतो म्हणालो.

अजून गेलेलो नाही.